प्रसादाच्या टाक्या

राजदीपने टाकीच्या तळाची कोर नखाने उचलली, तर कांद्याचा पापुद्रा सुटावा तशी ती सुटून आली. त्याने दुसऱ्या बाजूने उचलून पाहिली. तिकडूनही आली. मग तो तिथेच खाली बसला आणि टाकी मांडीवर पालथी घेऊन तिच्या तळाकडे पाहत राहिला.

“काकाजी, ही कधी काढली?”

नागोराव मशीनच्या तोंडाशी थिजलेलं प्लास्टिक सळईने खरवडत होते. “ते उरलेली? सप्त्याच्या घाईत काढली. काहून?”

“जोडदाना होता का हिच्यात?”

सळईचा आवाज थांबला. नागोरावांचा हात गळ्यातल्या तुळशीमाळेकडे गेला. काही सुचेनासं झालं की तो आपोआप तिकडे जात असे.

“संपला होता ना बावा,” ते म्हणाले. “तू तो आनाले नागपुरात गेलेला, अन् काला तोंडावर.”

हा कारखाना म्हणजे एका बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. राळेगावच्या रस्त्यावरच्या त्या जिनिंगमध्ये नागोराव फिटर होते. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या फाटकापासून वडापर्यंत उभ्या असत आणि माणसांच्या भुवयांवर रुई बसलेली असे. मग कापसाची दशा झाली, एकेक जिनिंग बंद पडत गेलं, तसं हेही पडलं, आणि मालकाने गोदाम नागोरावांना वापरायला देऊन टाकलं. दोन हजार सहा साल होतं. शेतात कापसाची पऱ्हाटी उभी होती, पण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या दिवसांत गावात कोणी मोकळं बोलत नव्हतं. एकच गोष्ट मुबलक होती, ती म्हणजे रिकामे डबे आणि रिकामी पोती. डबे फवारणीच्या विषाचे. आपल्याकडे त्याला औषधच म्हणतात, का म्हणतात देव जाणे. पोती खताची. नागोरावांच्या मनात आलं की हेच वितळवून पाठीवरच्या पंपाच्या टाक्या कराव्यात. गावातल्या पंपांच्या टाक्या तडकल्या होत्या, दांडी आणि नळी मात्र शाबूत होती. टाकी तेवढी मिळाली तर पंप पुन्हा चालणार होते.

डबे वेगळे करायला, धुवायला प्रभावतीबाई येत. बौद्धपुऱ्यातल्या. त्यांचा थोरला धर्मपाल गावोगाव रोजाने फवारणीला जाई. धाकटा राजदीप औरंगाबादला प्लास्टिकचं शिकून आला होता. ज्या कारखान्यात लागला तो बंद पडला म्हणून घरी होता. आईचा डबा द्यायला एकदा गोदामात आला आणि तिथलाच झाला. पहिली टाकी फुटली ती त्यानेच पाहिली, आणि का फुटली ते त्यानेच सांगितलं.

“डब्याचं प्लास्टिक अन् पोत्याचं प्लास्टिक दिसाले भाऊ-भाऊ वाटते, काकाजी. पन मिसळत नाई. गरम हाय तोवर एकच लगदा. थंड झालं का ज्याचं त्याचं दार बंद. मधात भित राह्यते. हिसका बसला का भितीतूनच उकलते.”

“मंग काय दोन-दोन मशीना घेऊ?”

“नाई. मधात तिसरा पाहिजे. त्याचे अर्धे गुन डब्याचे, अर्धे पोत्याचे. तो भितीत उभा राह्यते अन् एक हात इकडं देते, एक तिकडं.”

तो तिसरा म्हणजे नागपूरहून आणलेला रबरासारखा मऊ दाणा. गोदामात त्याचं नाव जोडदाणा पडलं. तो घातलेली टाकी राजदीपने पाण्याने भरून छपरावरून खाली टाकली, तर ती लोळत जाऊन उकिरड्याला टेकली. फुटली नाही. नागोरावांना त्या तिसऱ्याचं फार कौतुक वाटलं.

“म्हनजे काल्यातलं दही,” ते म्हणाले. “लाह्या, पोहे, डाळ्या, लोनचं, ज्याच्या घरी जे असन ते. दही पडलं का सारं एक.”

राजदीपने हसून मान डोलावली होती. आज त्याला त्या मान डोलावण्याचा पस्तावा होत होता.

“मंग जोडदान्याच्या जागी काय टाकलं तुमी?” त्याने विचारलं.

नागोरावांनी डोळ्यांनीच कोपरा दाखवला. तिथे सरकीच्या तेलाचं पिंप होतं. सप्त्याच्या अखंड दिव्यासाठी घरोघरचं तेल त्यात जमा केलेलं. राजदीपची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

“देवाचं तेल हाय,” नागोराव हळूच म्हणाले. “दही नसलं का आपन लाह्या तेल-तिखटात कालवतो. त्याई धरतात ना. म्हटलं, पाहू. एक पळी टाकली. तुले खरं सांगतो राजदीप, काय चकचकीत निंगाली टाकी. पट्टे नाई, डाग नाई. तुह्या टाकीपेक्षा सुरेख. पट्टी वाकवून पाह्यली, वाकली. पानी भरून रातभर उभी ठेवली, थेंब नाई गळला.”

“पट्टी गरम असताना वाकवली असन.”

“हाव, निंगाल्या निंगाल्या.”

“उभी टाकी कायले गळते, काकाजी? चालत्या मानसाच्या पाठीवर गळते. तेलानं पट्टे लपले. दोघायच्या मधात अजून चिकनाई आली. जे थोडंफार धरलं असतं तेही सुटलं.” त्याने सुटलेली कोर बोटांत चुरगाळली. “अन् ह्या भेगेत पानी नाई जानार. औषध जाईन.”

दाराशी प्रभावतीबाई डबे भरलेली पाटी घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी पाटी खाली ठेवली.

“नागोभाऊ,” त्या म्हणाल्या, “माह्या धर्मपालची टाकी यातलीच हाय का?”

“सप्त्यातल्या साऱ्या यातल्याच,” नागोराव म्हणाले.

“तो तं सकाळच्या यष्टीनं मुकुटबनकडं गेला. फवारनीले.”

सप्त्यातल्या टाक्यांची गोष्ट अशी. दर श्रावणात गावात नामाचा सप्ता बसतो, गोकुळअष्टमीच्या काल्याला उठतो. त्या वर्षी मंडपाची रोषणाई नको, त्याऐवजी फवारणीच्या घरांना टाक्या देऊ, हे नागोरावांनीच सुचवलं. सप्त्याचे पुढारी बबनराव. त्यांनी ते उचललं आणि कीर्तनात उभं राहून जाहीरही करून टाकलं. काल्याच्या दिवशी कीर्तनकार महाराजांच्या हातून टाकी मिळणार. यादीत धर्मपालचं नाव नागोरावांनी घातलं. कोणी पुटपुटलं, सप्त्याचा प्रसाद तिकडं कायले. नागोराव म्हणाले, “गावात सर्वात जास्त फवारनी कोन करते? त्याच्या पाठीले टाकी नाई तं कोनाच्या पाठीले?” नाव यादीत राहिलं. काल्याच्या दिवशी हंडी फुटली, महाराजांनी एकेकाच्या हाती टाकी दिली. धर्मपाल सर्वांत शेवटी आला, नमस्कार करून टाकी घेऊन गेला. नागोराव मागे टाळ धरून उभे होते. त्यांचे डोळे भरून आले होते. चांगलं काम हातून झालं की माणसाला देव जवळ आल्यासारखा वाटतो, आणि त्या घटकेला तो काहीच तपासून पाहत नाही.

हे सगळं कालचं.

मुकुटबनकडे लगेच निघायचं तर धर्मपाल नेमका कोणत्या शेतावर गेला ते प्रभावतीबाईंना ठाऊक नव्हतं. त्याला नेणारा मुकादम संध्याकाळी गावात परतणार होता. तोवर गावातल्या टाक्या तरी परत घ्याव्यात म्हणून राजदीप आणि नागोराव निघाले. आधी बबनरावांकडे.

बबनराव ओसरीवर पान लावत होते. सगळं ऐकून घेतलं आणि पान तोंडात घातलं.

“नागोबा, तुले वेड लागलं का? प्रसाद कोनी परत मांगते?”

“खोट हाय बबनभाऊ त्याच्यात.”

“प्रसादाले खोट नसते. महाराजाच्या हातून गेला तो. आता तू घरोघरी जाऊन मांगशीन तं लोक म्हनतीन सप्ता बुडाला. गावावर काय कमी अवकळा हाय? एक चांगली गोष्ट झाली, तिच्यावरई तू पानी टाक.”

“पानी नाई, औषध पडनार हाय अंगावर,” राजदीप म्हणाला.

बबनरावांनी त्याच्याकडे पाहिलं. “तू शिकेल मानूस हाय बाबू. तुमचं आमचं शास्त्र वेगळं.”

राजदीप ओसरीवरून उतरला. बाहेर आल्यावर नागोराव त्याला म्हणाले, “त्याच्या बोलन्याचं मनावर घेऊ नको.”

“मी कुठं घेतो,” तो म्हणाला. “सवय हाय.”

नागोराव चालत राहिले. त्यांच्या मनात एक पळवाट फिरत होती. खरं कशाला सांगायचं, नवी मोठी टाकी येणार आहे, जुनी द्या, असं म्हटलं तर? तसं त्यांनी टाकी मिळालेल्या नंदाबाईंच्या घरी म्हणून पाहिलं. नंदाबाईंनी टाकी देवघराशेजारी खुंटीला टांगली होती. हळदीकुंकू वाहिलेलं, हार घातलेला.

“नवी आली का तीबी द्या भाऊ,” त्या हसत म्हणाल्या. “ही तं मी सोडत नाई. माह्या मानसानं आज हिच्यातूनच फवारनी काढली असती, मीच म्हटलं सोमवार हाय, उद्या काढा.”

“उद्या नका काढू,” नागोराव म्हणाले.

“काहून?”

 देवघरातला दिवा जळत होता. त्यातही सरकीचंच तेल असणार. ते तसेच मागे फिरले.

रस्त्यावर आल्यावर राजदीप थांबला. “काकाजी, तुमी जवरोक सांगत नाई तवरोक कोनी टाकी देत नाई. मी सांगून फायदा नाई. तेल तुमी टाकलं.”

महाराज त्या दिवशी गावातच होते. बबनरावांच्या आग्रहाने संध्याकाळी आणखी एक कीर्तन व्हायचं होतं. नागोराव देवळाच्या मागच्या खोलीत गेले, पायावर डोकं ठेवलं आणि तिथेच सगळं सांगितलं. तेल, लाह्या, चकाकी, सगळं. महाराज वयाने त्यांच्याहून लहान, आवाज मात्र गडगडणारा. त्या वेळी अगदी हळू बोलले.

“प्रसाद परत घेत नाहीत, हे बबनराव म्हणतात ते खरं आहे.”

“मंग मी काय करू, महाराज?”

“प्रसाद देवाचा. टाकी तुमची. तुमची वस्तू तुम्ही परत आणायला कोणाची ना आहे?” जरा थांबून ते म्हणाले, “माझ्याही हातून गेल्या आहेत त्या. आज आधी तुम्ही बोला, मग मी उभा राहीन. तुम्ही नाही बोललात तर मीही नाही उभा राहणार.”

मंडप भरला होता. मृदंगाला कणीक लागलेली, टाळ मांडलेले. नागोराव नारदाच्या गादीवर चढले नाहीत, खाली मातीवरच उभे राहिले. आयुष्यभर ते त्या गादीच्या मागच्या ओळीत उभे राहिलेले. समोर तोंड करून उभं राहायची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण डबे-पोत्यांची गोष्ट सांगता सांगता काल्यात शिरले, काल्यातून दह्यात, आणि लोकांना वाटलं प्रवचनच चाललंय. माना डोलू लागल्या.

राजदीपने मागून दोन टाक्या आणून ठेवल्या. एक त्याची, जरा मळकट, जोडदाण्याची. एक ती उरलेली, लखलखीत. दोन्ही विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या. नागोरावांनी बोलणं सोडून दिलं. मळकट टाकी उचलली, देवळाच्या ओट्यावर चढले आणि खालच्या फरशीवर सोडली. टाकी आपटली, उडाली, कलंडली. झाकणातून थोडं पाणी सांडलं, एवढंच.

मग त्यांनी लखलखीत टाकी उचलली आणि सोडली.

आवाज फार मोठा झाला नाही. तळ शिवणीतून उकलला, एखादी फणसाची फोड दोन्ही हातांनी उघडावी तसा, आणि पाणी पुढच्या ओळीत बसलेल्या माणसांच्या मांड्यांखाली गेलं. कोणी उठलं नाही.

“ही देवाची टाकी नाई,” नागोराव म्हणाले. “ही माही हाय. जोडदाना नव्हता म्हनून मी दिव्यातलं तेल टाकलं. पोरगा तो आनाले नागपुरात गेला होता. मी थांबलो नाई. तुमच्या घरी आहेत त्या अशाच हायेत. आना त्या.”

 मग नंदाबाई उठल्या आणि घराकडे गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं-तिघं. हारासकट, हळदीकुंकवासकट टाक्या येऊ लागल्या, देवळाच्या ओट्याला लागून त्यांचा ढीग होऊ लागला. कोणी रागाने आपटली, कोणी पाया पडून ठेवली. एक म्हातारा म्हणाला, “नागो, चकचकीत होती म्हनूनच मले शंका आली होती,” आणि लोक जरासे हसले. त्याला कसली शंका आली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. बबनरावांनी आपली टाकी गड्याच्या हातून पाठवली. स्वतः मात्र कीर्तन संपेपर्यंत खांबाला टेकून बसून राहिले.

प्रभावतीबाई मंडपाच्या बाहेर, चपला काढतात तिथे उभ्या होत्या. त्या ढिगाकडे पाहत नव्हत्या. रस्त्याकडे पाहत होत्या. मुकादम आला, त्याने शेतमालकाचं नाव सांगितलं, हरिसिंग, मुकुटबनच्या अलीकडे. महाराजांनी उभं राहून नाम घेतलं तेव्हा राजदीप आणि नागोराव मोटारसायकलवर बसून गावाच्या वेशीबाहेर गेले होते.

वाटेत पाऊस लागला. एका धाब्यावर थांबून त्यांनी पहाट होऊ दिली. उजाडताना हरिसिंगच्या शेतावर पोचले तेव्हा तो बांधावरच भेटला. कोणी विचारायच्या आधीच तो म्हणाला, “तुमीच का त्याच्या घरचे? मी मानूस पाठवनारच होतो. त्याले काल संध्याकाळपासून उलट्या हायेत. रातभर म्हनत होता, उन्ह लागलं. श्रावणात कुठलं उन्ह, भाऊ?”

धर्मपाल मोहाच्या झाडाखाली पोत्यावर बसला होता. पंप शेजारी. अंगातला शर्ट पाठीवर पिवळा पडून चिकटला होता आणि जवळ जाताच औषधाचा वास नाकाला झोंबला. घाम नुसता गळत होता. राजदीपने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

“शर्ट काढ,” राजदीप म्हणाला.

“काढतो ना. तू कसा आला?”

विहिरीवर नेऊन त्यांनी त्याला उघडं केलं. नागोरावांनी साबण घेतला. धर्मपालची पाठ कंबरेपर्यंत लाल झाली होती आणि खालच्या बाजूला फोड आले होते. नागोराव हळू हात फिरवत होते, पुन्हा पुन्हा पाणी ओतत होते. पंपाच्या तळाला काळा एम-सील थापलेला होता, त्यावर फाटका दुपट्टा करकचून बांधलेला.

“कधीपासून गळते हे?” नागोरावांनी विचारलं.

“गळत नाई, पाझरते. काल दुसऱ्या खेपेपासून.” धर्मपालची जीभ जड झाली होती, शब्द लाळेतून येत होते. “मी एम-सील लावलं ना.”

“मंग काहून फवारत राह्यला? ठेवून द्यायची. हरिसिंगभाऊचा पंप घ्यायचा.”

धर्मपालने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. समजावून सांगायचं ते लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

“सप्त्याची टाकी हाय, काकाजी. तुमी भांडून माहं नाव घातलं. साऱ्याईच्या टाक्या चांगल्या अन् माहीच गळते, असं मी कसं म्हनू? लोक म्हनतीन, पाहा, त्याले देलं, अन् त्यानंच खोट काढली.” तो थांबला, ओकारी आली, काही निघालं नाही. “म्हटलं, अंगाले लागते थोडं. लागू दे.”

नागोरावांच्या हातातून साबण विहिरीच्या थारोळ्यात पडला. तो त्यांनी शोधला नाही.

हरिसिंगने काळीपिवळी जीप आणवली. आधी वणीला नेलं, तिथून मोठ्या गाडीने यवतमाळच्या दवाखान्यात. जीपमध्ये धर्मपालचं डोकं राजदीपच्या मांडीवर होतं आणि पायांच्या पिंढऱ्या आपोआप उडत होत्या, जशी कातडीखाली मासोळी फिरावी. नागोराव पायांशी बसले होते. तोंडाने नाम घ्यावं म्हणून त्यांनी ओठ हलवले, तर ओठांवर नाम येईना. येत होतं एकच. दुसऱ्या खेपेपासून. म्हणजे पहिली खेप होईपर्यंत टाकी धरून होती. राजदीप म्हणाला होता तेच झालं. उभी टाकी गळत नाही, चालत्या माणसाच्या पाठीवर गळते.

दवाखान्यात सुया सुरू झाल्या. डॉक्टर बाई सांगून गेल्या, डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या होताहेत, ते चांगलं लक्षण आहे, पण श्वास कसा राहतो ते अजून दोन दिवस पाहावं लागेल. आत एकालाच बसता येई. राजदीप बसला. प्रभावतीबाई दुपारच्या यष्टीने आल्या, लेकाचं तोंड पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. बाकाच्या दुसऱ्या टोकाला नागोराव होते. दोघांच्या मधे प्रभावतीबाईंनी आपली पिशवी ठेवली.

मग त्या म्हणाल्या, “तुमी तेल टाकलं तवा मी बाहीरच डबे धूत होती. मले विचारलं असतं.”

“तुमाले काय ठाऊक असतं, प्रभावतीबाई?”

“जोडदान्याचं नाई ठाऊक. पन टाकी कोनाच्या पाठीवर जानार हाय, ते मले ठाऊक होतं.”

नागोरावांनी खाली पाहिलं. 

दुसऱ्या दिवसापासून गावची माणसं येऊ लागली. आपल्या भागात दवाखान्यात कोणी असलं की येणं चुकत नाही. येतात, दोन शब्द बोलतात, केळी ठेवतात, परतीच्या गाडीने जातात. नंदाबाई आणि त्यांचे यजमान आले. नंदाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “काय करता बाई, देवाची मर्जी.”

 नागोराव बाकावरून उठून उभे राहिले.

“देवाची नाई, नंदाबाई,” ते म्हणाले. “माही. मी तेल टाकलं.”

नंदाबाईंना कसंसंच झालं. “मंडपात सांगतलं ना भाऊ तुमी. आमी का विसरलो?”

“देवाची मर्जी म्हनलं तुमी. म्हनून पुन्हा सांगतो.”

असं प्रत्येकाला झालं. कोणी म्हणे, नशीब. कोणी म्हणे, वेळ वाईट होती. कोणी आपलं भलेपणाने म्हणे, औषधच आजकाल फार कडक येते. दर वेळी नागोराव उठत आणि तेच सांगत, त्याच शब्दांत, आवाज न चढवता, न रडता. आयुष्यभर त्यांनी कीर्तनात दुसऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरलं होतं, तेच पुन्हा पुन्हा म्हणायची सवय होती. पण त्या धृपदाने छाती हलकी होई. याने होत नव्हती. दर वेळी जडच होत होती. तरी ते सांगत राहिले.

तिसऱ्या दिवशी बबनराव आले. सोबत दोन माणसं. त्यांनी केळी बाकावर ठेवली, पगडीएवढा मोठा रुमाल काढून कपाळ पुसलं.

“प्रभावतीबाई, सप्त्याच्या पंचायतीकडून दवाखान्याचं सारं पाहून घेऊ आपन. त्याची काळजी नका करू.” मग ते नागोरावांकडे वळले, आवाज खाली आणला, पण इतकाही नाही की बाईंना ऐकू जाऊ नये. “अन् नागोबा, तू हे जे आल्यागेल्याले सांगून राह्यला, ते आता पुरे कर. टाक्या सर्व्यांच्या तशाच होत्या ना? कोनाले काई झालं का? एकालेच झालं. त्यानंच कुठं आपटली असन. नीट बांधली नसन. हे लोक वस्तू जपत नाई, तुलेई मालूम हाय.”

सोबतच्या दोघांनी मान हलवली.

नागोराव उठले. 

“एकालेच झालं, कारन एकच जन फवारनीले गेला होता,” ते म्हणाले. “बाकीच्यायनं दुसऱ्या दिवशी परत देल्या. आपटली नाई त्यानं. गळाले लागली तं त्यानं दुपट्टा बांधला, पन प्रसादाले नाव ठेवलं नाई. तुमी आमी असतो बबनभाऊ, तं पहिल्या थेंबाले टाकी माह्या दारात आनून फेकली असती. त्याले तेही करता आलं नाई.”

बबनराव रुमाल घडी घालून खिशात ठेवू लागले, तो नीट बसेना, पुन्हा काढला.

“पाठीवर त्याच्या फोड हायेत,” नागोराव पुढे म्हणाले, “ते माह्या पळीचे हायेत. तेल मी टाकलं.”

वॉर्डाच्या दाराची काच अर्धवट उघडी होती. आतून राजदीपचा आवाज आला, कोणाशी तरी हळू बोलत असलेला, आणि मग दुसरा एक आवाज, घोगरा, पाणी मागणारा. तीन दिवसांत पहिल्यांदा. प्रभावतीबाई झटकन उठल्या. दारापर्यंत गेल्या, हात दारावर ठेवला, आणि तिथूनच वळून नागोरावांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर माफी नव्हती, रागही दिसत नव्हता.

“हे बाहीर सांगून काय होते, भाऊ?” त्या म्हणाल्या. “आत चाला. त्याच्या तोंडावर सांगा. अन् बबनभाऊ, तुमीबी या. तो काय म्हनते ते तुमीबी आयका.”

त्यांनी दार पुरतं उघडलं आणि धरून उभ्या राहिल्या.